खेमकरणच्या वाटेवरचा ड्रायव्हर

१९६०च्या एप्रिलमध्ये किसन बाबूराव हजारे नावाचा पारनेर तालुक्यातला एक तरुण, पुढचे अण्णा हजारे, लष्करात भरती झाला. प्रशिक्षण औरंगाबादला, काम ट्रक चालवण्याचं. त्याच वर्षी ६ जूनला हॉलंडमधल्या झांडवूर्ट या समुद्रकाठच्या ट्रॅकवर जिम क्लार्क नावाचा एक स्कॉटिश शेतकरी आपली पहिली फॉर्म्युला वन शर्यत धावला. क्लार्कचा जन्म ४ मार्च १९३६चा, हजारेंचा १५ जून १९३७चा. म्हणजे वयात सव्वा वर्षाचा फरक, आणि एकाची लष्करी ड्रायव्हरकी व दुसऱ्याची फॉर्म्युला वन सुरू झाली ती दोन महिन्यांच्या अंतराने. या दोघांनी कधी एकमेकांचं नाव ऐकलं असेल असं मानायला काही आधार नाही, आणि त्याची गरजही नाही.

क्लार्कच्या कारकिर्दीचा हिशेब चोख उपलब्ध आहे. ७२ ग्रां प्री शर्यती, २५ विजय, ३३ वेळा पहिल्या जागेवरून सुरुवात. कोणत्या फेरीत तो कितवा होता, हेही आज सांगता येतं. हजारेंच्या पंधरा वर्षांच्या ड्रायव्हरकीला मात्र त्यांच्या बहुतेक चरित्रांत एखादा परिच्छेद मिळतो, तोही १९६५च्या युद्धातल्या, पंजाबातल्या खेमकरणच्या गोळीपुरता. तिथून थेट विवेकानंदांची पुस्तिका, तिथून आपलं गाव राळेगणसिद्धी, तिथून दिल्लीचं रामलीला मैदान. मधला ट्रक कुठे गेला हे कुणी विचारत नाही. मला वाटतं, ते विचारायला हवं.

हजारेंचा जन्म नगरच्या छावणीला लागून असलेल्या भिंगारचा. आजोबा लष्करात होते, म्हणून कुटुंब तिथे. वडील बाबूराव नगरला आयुर्वेदिक औषधशाळेत कामाला. १९४५मध्ये आजोबा गेले, आणि १९५२च्या सुमारास कुटुंब राळेगणला आपल्या पाच एकर कोरडवाहू जमिनीवर परतलं. पारनेरच्या पठारावर पाच एकर म्हणजे पाऊस झाला तर बाजरी, नाही तर नुसती ढेकळं. एका नातलगाने थोरल्या किसनला शिकायला मुंबईला नेलं. शाळा सातवीपर्यंतच झाली. पुढे दादर स्टेशनजवळ फुलं विकण्याचा धंदा. मुंबईला गेलेल्या नगरी माणसाची तेव्हाची ठरलेली वाट गिरणी किंवा गोदी. हा गडी फुलांत शिरला आणि तिथून लष्करात. भरती १९६२च्या चिनी आक्रमणानंतरची, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. लष्कराच्या नोंदीत मात्र १९६०च आहे.

क्लार्कचं घर शेतकऱ्याचंच, पण ऐपतीचं. बेरिकशायरमधल्या चर्नसाइड गावाजवळ एडिंग्टन मेन्स नावाची शेती, मेंढ्या, चार बहिणींच्या पाठचा एकुलता मुलगा. मोटारी पळवणं हा आईवडिलांच्या लेखी नसता उद्योग. १९५६मध्ये क्रायमंड इथे एका मित्राची डीकेडब्ल्यू घेऊन तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. चार वर्षांत कॉलिन चॅपमनच्या लोटस संघात.

आता लष्करी ड्रायव्हरच्या कामाकडे येऊ, कारण ते आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही.

फौजेत ड्रायव्हरचा दिवस गाडीत बसून सुरू होत नाही, गाडीभोवती फिरून सुरू होतो. त्याला फर्स्ट परेड म्हणतात. इंजिनचं तेल, रेडिएटरचं पाणी, टायरची हवा, पंख्याचा पट्टा, बॅटरी, चाकांचे नट, गाडीखाली कुठे तेल ठिबकलंय का. हे सगळं पाहून झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही. मग कार डायरी: कुठून निघाला, कुठे पोचला, किती अंतर, किती इंधन, कुणाची सही. गाडी सरकारची, पण तिची तब्येत ड्रायव्हरच्या माथी. १९५९पासून जबलपूरला शक्तिमान ट्रक बनू लागले होते. त्याआधीची दुसऱ्या महायुद्धातली जुनी धूडंही सेवेत होती. पॉवर स्टिअरिंग नावाची चैन नव्हती. डोंगरी वळणावर स्टिअरिंग अंगाच्या जोरावर वळवावं लागे.

आणि रात्रीचा कॉन्व्हॉय. युद्धक्षेत्रात हेडलाइट लावायची सोय नसते. ट्रकच्या मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शिअलचा जो गोळा असतो, तो पांढऱ्या रंगाने रंगवतात आणि त्यावर एक मिणमिणता दिवा सोडतात. वरून विमानाला तो दिसत नाही. मागच्या ड्रायव्हरला मात्र तेवढाच पांढरा ठिपका दिसतो. रात्रभर त्या ठिपक्यावर नजर ठेवून चालायचं. फार जवळ गेलं तर एका बॉम्बमध्ये दोन गाड्या जातील, मागे पडलं तर ठिपका नाहीसा होईल आणि मागची सगळी रांग आपल्यामागे चुकेल. वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटर, कधी त्याहून कमी. पुढे काढणं हा गुन्हा. बहादुरी कसली, तर अंतर न मोडण्याची.

क्लार्कच्या धंद्यात नेमकं उलटं होतं, असं वरवर वाटेल. पण त्याला ज्यांनी जवळून पाहिलं ते वेगळंच सांगत. त्याची गाडी शर्यतीनंतर उघडली की ब्रेक आणि टायर इतरांपेक्षा कमी झिजलेले निघत. गाडीला त्रास न देता तिच्याकडून काम काढून घेणं ही त्याची खरी विद्या. १९६३ची बेल्जियमची शर्यत घ्या. स्पा-फ्रँकोरशाँचा ट्रॅक, धो धो पाऊस, आणि त्याच्या लोटसचा गिअर जागेवर राहीना. एका हाताने गिअरचा दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने जंगलातली ती भयंकर वळणं घ्यायची, अशी त्याने शर्यत काढली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या ब्रूस मॅक्लारेनला जवळजवळ पाच मिनिटांनी मागे टाकलं. पाच मिनिटं! शर्यतीत सेकंदांवर भांडणं होतात.

ज्या स्पावर तो सलग चार वर्षं जिंकला, त्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. कारण १९६०मध्ये, ग्रां प्रीतल्या त्याच्या दुसऱ्याच शर्यतीत, तिथे दोन ब्रिटिश ड्रायव्हर मेले. ख्रिस ब्रिस्टो आणि क्लार्कच्याच संघातला अ‍ॅलन स्टेसी. ब्रिस्टोचं शरीर रस्त्यावर पडलेलं असताना क्लार्कला गाडी वळवून वाट काढावी लागली. पुढच्या वर्षी इटलीत मोंझाला जर्मन ड्रायव्हर फोन ट्रिप्सची फेरारी क्लार्कच्या लोटसला घासली, उडाली आणि प्रेक्षकांत शिरली. फोन ट्रिप्स आणि त्याच्यासोबत चौदाहून अधिक प्रेक्षक गेले. क्लार्कला ओरखडा नाही. तो एडिंग्टन मेन्सला गेला, मेंढ्यांत राहिला, आता पुरे असं त्याच्या मनात आलं, आणि पुन्हा परत आला.

१९६५ हे वर्ष दोन्हीकडे मोठं.

क्लार्कने त्या वर्षी मोनाकोची ग्रां प्री सोडून दिली आणि अमेरिका गाठली. ३१ मे रोजी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत २०० फेऱ्यांपैकी १९० फेऱ्या तो पुढे होता. सरासरी वेग ताशी सुमारे २४२ किलोमीटर. मागे इंजिन असलेल्या गाडीने ती शर्यत जिंकण्याची ती पहिली वेळ. १ ऑगस्टला नुरबुर्गरिंगवर जर्मन ग्रां प्री जिंकून त्याने दुसरं जगज्जेतेपद खिशात घातलं. मोसमाच्या शर्यती अजून बाकी होत्या.

त्यानंतर चारच दिवसांनी, ५ ऑगस्टला, काश्मीरमध्ये पाकिस्तानची घुसखोरी उघडकीला आली. ६ सप्टेंबरला भारतीय फौजांनी पंजाबात सीमा ओलांडली. ८ सप्टेंबरपासून खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन पॅटन रणगाडे घेऊन पुढे सरकू लागली. समोर मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन. तिने असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी फळी उभारली, कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि उभ्या उसात तोफा लपवल्या. जगातले अत्याधुनिक म्हणवणारे पॅटन चिखलात रुतले. १० सप्टेंबरपर्यंत पाकिस्तानने तिथे शंभराच्या घरात रणगाडे गमावले. भिखीविंडजवळ त्यांची रांग लावली तेव्हा लोक त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले. या लढाईत उतरलेल्या रणगाडा रेजिमेंटांचं माहेर म्हणजे आपलं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. रणगाड्याचे ड्रायव्हर आणि तोफची घडतात ते तिथल्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रात. शहरातल्या रणगाडा संग्रहालयात आजही पॅटन उभा आहे, आणि सहलीला आलेली पोरं त्याच्या साखळीवर हात ठेवून फोटो काढतात.

असल उत्तरचा नायक अब्दुल हमीद. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने त्याने एकामागून एक रणगाडे टिपले, १० सप्टेंबरला वीरमरण पत्करलं आणि परमवीरचक्र मिळवलं. ती तोफ उसातून फिरवायची, गोळा सुटल्याबरोबर जागा बदलायची, तर कुणीतरी जीप चालवतच असणार. त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. शौर्यकथा अशाच सांगितल्या जातात, पण त्यातून कोण गळतं हे लक्षात ठेवावं.

याच खेमकरण क्षेत्रात हजारे ट्रक चालवत होते. पुढे काय घडलं याच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. एका कथेत वरून विमानांचा हल्ला होतो, दुसरीत बॉम्ब पडतो, तिसरीत सीमेवरचा गोळीबार. बरोबरचे सगळे सहकारी मारले गेले, गोळी डोक्याजवळून गेली आणि ते एकटे वाचले, एवढं सगळ्या कथांत समान. काही लेखांत तारीख १२ नोव्हेंबर १९६५ दिली आहे. पण युद्धबंदी लागू झाली २३ सप्टेंबरला. नोव्हेंबरात विमानहल्ला कसा व्हावा? मात्र खेमकरण गाव तेव्हाही पाकिस्तानच्याच ताब्यात होतं. ते परत मिळालं १९६६च्या जानेवारीतल्या ताश्कंद करारानंतर. त्यामुळे तारीख चुकीची असेल, किंवा विमानं नंतर कथेत शिरली असतील. एखादी गोष्ट हजार सभांत सांगितली गेली की तिच्या कडा गुळगुळीत होतात. मला त्यात लबाडी दिसत नाही. क्लार्कच्या मागे घड्याळ घेऊन माणसं बसलेली असत. पंजाबच्या धुळीत ट्रक चालवणाऱ्याची वेळ कोण नोंदवणार?

वाचल्यावर दोघांच्या मनात जे आलं असेल त्यात मला फार अंतर वाटत नाही. हजारेंच्या डोक्यात जगावं कशाला हा प्रश्न आधीपासून होता. जगणं व्यर्थ का, यावर त्यांनी दोन पानं लिहून काढली होती, असं ते स्वतःच सांगत आले आहेत. नवी दिल्ली स्टेशनवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर विवेकानंदांची एक लहानशी पुस्तिका मिळाली आणि मन पालटलं, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. खेमकरण आधी की पुस्तिका आधी, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. ते राहू द्या. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: लग्न न करण्याचा आणि उरलेलं आयुष्य गावाला देण्याचा निर्णय झाल्यावरही त्यांनी नोकरी सोडली नाही. पंधरा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नाही, आणि पेन्शन नसेल तर गावावर भार. म्हणून पुढे आणखी दहा वर्षं ट्रक. वैराग्याच्या कथेत हा हिशेब शोभत नाही, म्हणून तो हळू आवाजात सांगितला जातो. कोरडवाहू पाच एकरांतून आलेला माणूस असाच विचार करणार.

त्या दहा वर्षांत नागालँड झालं, १९७१मध्ये मुंबई झाली, १९७४मध्ये जम्मू झालं. जम्मूच्याच सुमारास गाडी चालवताना अपघात झाला आणि त्यातूनही ते बचावले.

क्लार्कला एवढा अवधी मिळाला नाही. १९६७ची मोंझाची शर्यत त्याच्या चाहत्यांना जिंकलेल्या शर्यतींपेक्षा जास्त आठवते. आघाडीवर असताना टायर गेला, पिटमध्ये थांबावं लागलं आणि तो अख्खी एक फेरी मागे पडला. त्या काळी एक फेरी मागे पडलेला माणूस घरी जायच्या तयारीला लागे. याने ती फेरी भरून काढली, सगळ्यांना गाठलं, पुन्हा पहिला झाला. आणि शेवटच्या फेरीत इंधनाने दगा दिला. गाडी आचके देत तिसरी आली, जिंकला जॉन सर्टीज. ७ एप्रिल १९६८ला हॉकेनहाइमच्या एका दुय्यम दर्जाच्या, फॉर्म्युला टूच्या शर्यतीत त्याची लोटस ओल्या रस्त्यावरून झाडीत घुसली आणि तो जागीच गेला. टायरमधली हवा गेली असावी असा तर्क. वय ३२. इतर ड्रायव्हर हादरले ते याच कारणाने, की गाडी सांभाळण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं तोच गेला, मग आपलं काय? चर्नसाइडच्या दफनभूमीतल्या त्याच्या शिळेवर आधी शेतकरी असं कोरलं आहे आणि त्याच्या खाली जगज्जेता.

१९७५मध्ये हजारे पेन्शन घेऊन राळेगणला आले. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्यावरून आत वळलं की हे गाव. वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पाणी मिळणारी जमीन सत्तर-ऐंशी एकर. हातभट्ट्या तीस-चाळीस. संत यादवबाबांच्या मंदिराची लाकडंही भट्टीत गेलेली. फौजेतून मिळालेल्या पैशांतून त्यांनी आधी ते मंदिर दुरुस्त केलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. भाषणं करण्याआधी विटा लागल्या. पुरंदरला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला होता. तो पाहून आल्यावर राळेगणच्या उतारांवर चर, ताली, नालाबांध, पाझर तलावांची दुरुस्ती सुरू झाली. पाणी थांबलं, विहिरी भरल्या, कांदा बाहेर जाऊ लागला. १९९०मध्ये पद्मश्री, १९९२मध्ये पद्मभूषण. हा भाग सर्वांना माहीत आहे.

मला यात फर्स्ट परेड दिसते. रोज तेच तेच बारकावे तपासायचे: कोणता बांध गळतोय, कुणाची गुरं चराईबंदी मोडून गेली, कोणाच्या घरी पुन्हा भट्टी लागली. पाणलोटाचं काम एकदा करून मोकळं होण्याचं नसतं. ते देखभालीवर टिकतं. महाराष्ट्रात बांध घालणारी गावं पुष्कळ झाली, देखभाल करणारी थोडी. राळेगण टिकलं त्यामागे एका ड्रायव्हरची सवय आहे असं मी म्हटलं तर ते सिद्ध करता येणार नाही, पण मला ते विवेकानंदांच्या पुस्तिकेइतकंच पटतं.

दुसरी बाजूही त्याच सवयीची. दारू पिऊन आलेल्याला मंदिरापाशी खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने फोडून काढायचं, हे राळेगणात झालं आणि अण्णांनी ते कधी लपवलं नाही. आई आजारी मुलाला कडू औषध पाजते तसं, असं समर्थनही केलं. गाव म्हणजे कॉन्व्हॉय नव्हे. कॉन्व्हॉयमध्ये सगळ्यांचा मुक्काम एकच असतो आणि मार्ग वरून ठरलेला असतो. गावात कुणाला दुसरीकडे जायचं असतं, कुणाला थांबायचं असतं, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला बांधाचं पाणी कितपत मिळालं हा प्रश्न विचारायचा असतो. राळेगणवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी हा प्रश्न विचारला. गावाने त्याचं फारसं स्वागत केलं नाही.

ड्रायव्हरकीची ती पंधरा वर्षं पुन्हा चर्चेत आली ती २०११मध्ये, लोकपालाच्या आंदोलनात. अण्णा लष्करातून पळून आले होते, अशी कुजबूज तेव्हा दिल्लीत पसरली. कुणीतरी माहितीच्या अधिकारात लष्कराकडे अर्ज टाकला. हा अधिकार महाराष्ट्राला मिळावा म्हणून २००३च्या ऑगस्टमध्ये अण्णाच मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. देशाचा कायदा २००५चा. त्या कायद्याने उत्तर देणं भाग होतं, आणि उत्तर आलं. १९६०ची भरती, सन्मानाने निवृत्ती, पळून जाण्याचा कोणताही आरोप नाही. सोबत पाच पदकांची यादी: सैन्य सेवा पदक, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं पदक, संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचं पदक आणि पश्चिमी स्टार. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ती छापली आणि पुन्हा लोकपालाकडे वळली.